मोठ्या फ्लॅशची कैफियत आणि तिचे उत्तर

जुन्या, फिल्मवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा नाद ज्यांना अलीकडे नव्याने लागला आहे अशा मंडळींत फ्लॅशविषयी एक मत इतक्या निःशंकपणे मांडले जाते की, ते कोणी एकदा तरी पडताळून पाहिले आहे काय, असे विचारणेदेखील औद्धत्याचे वाटावे. मत असे की, फ्लॅश घ्यावयाचा तर सामर्थ्यवान घ्यावा. खिशात मावणारा चिमुकला फ्लॅश हे शोभेचे खेळणे असून, भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे धरणही मोठे, डोंगरही मोठे, पाऊसही मोठा आणि रात्रीचा काळोखही तितकाच मोठा, तेथे असले खेळणे घेऊन जाणाऱ्याने कॅमेरा घरीच ठेवलेला बरा. या मताला एक उपमतही चिकटलेले असते. जुना कॅमेरा म्हणजे निव्वळ धातूचे यंत्र, त्यात बिघडण्यासारखे आहे तरी काय. तेव्हा बाजारात जो जुना, दणकट आणि स्वस्त फ्लॅश हाती लागेल तो त्याच्या माथ्यावर चढवावा आणि निश्चिंत व्हावे. यांपैकी पहिले मत गणिताला सोडून आहे आणि दुसरे कॅमेऱ्याच्या जिवावर बेतणारे आहे, असे माझे म्हणणे असल्यामुळे, आणि ते दोन वाक्यांत सांगितल्याने कोणाचे समाधान होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे, ही कैफियत मी जरा विस्ताराने तपासणार आहे.

प्रतिपक्षावर अन्याय नको म्हणून त्याचे म्हणणे प्रथम त्याच्याच ताकदीने मांडतो. तो म्हणतो की, बळकट फ्लॅशचा प्रकाश गरजेनुसार कमी करता येतो, परंतु दुबळ्याचा वाढवता येत नाही. की, लग्नसमारंभांचे छायाचित्रकार एक पिढीभर मेट्झसारखे अवजड फ्लॅश खांद्यावर वागवीत आले ते काही हौसेखातर नव्हे. की, भर उन्हात चेहऱ्यावरील सावली उजळावयाची तर लहान फ्लॅश सूर्यापुढे टिकत नाही. आणि अखेरचा दाखला म्हणून तो फ्रेडरिक चॅम्पियन या संयुक्त प्रांतातील वनाधिकाऱ्याचे नाव पुढे करतो, ज्याने १९२० च्या दशकात मॅग्नेशियमच्या लखलखाटात वाघांची रात्रीची छायाचित्रे घेतली आणि १९२७ साली ती ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. ही फिर्याद दुबळी नाही. तिच्यातील उन्हाचा मुद्दा तर चांगलाच भक्कम आहे, आणि त्याचा परामर्श मी टाळणार नाही.

आरंभ धरणापासूनच करू, कारण मोठ्या फ्लॅशचे पुरस्कर्ते त्याच्याच पायथ्याशी सर्वाधिक संख्येने आढळतात. प्रवरा नदीवरील हे विल्सन धरण १९१० साली बांधावयास घेतले गेले आणि १९२६ साली पुरे झाले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर. पावसाळ्यात सांजवेळी अंब्रेला फॉलसमोर उभे राहून पाहावे: अंधारत चाललेल्या त्या प्रचंड दगडी भिंतीच्या दिशेने एकामागून एक फ्लॅश उडत असतात, आणि उडवणाऱ्या प्रत्येकाची मनोमन खात्री असते की, आपला उजेड तेथवर पोहोचला. फ्लॅशची पोच ज्या आकड्याने मोजतात त्याला गाइड नंबर म्हणतात, आणि त्याचा हिशेब अगदी सरळ आहे: हा आकडा अंतराने भागला की योग्य अ‍ॅपर्चर मिळते, अ‍ॅपर्चरने भागला की अंतर मिळते. १९७० च्या दशकापासून लाखो छायाचित्रकारांच्या हाती असलेला व्हिविटार २८३, जो मोठ्या फ्लॅशच्या भक्तांचा आजही कुलस्वामी आहे, त्याचा गाइड नंबर आयएसओ १०० च्या फिल्मसाठी मीटरच्या हिशेबात ३६ आहे. धरणाची भिंत ३०० मीटरांवर आहे असे समजा, आणि भिंग एफ २ इतके सताड उघडे ठेवा. तरी गाइड नंबर ६०० लागतो. प्रकाश अंतराच्या वर्गाने क्षीण होत असल्यामुळे, ३६ वरून ६०० वर जाण्यासाठी पावणेतीनशेहून अधिक व्हिविटार एकाच क्षणी उडवावे लागतील. त्यापेक्षा तिपाईवर कॅमेरा ठेवून, फ्लॅश बंद करून, सरत्या उजेडात दोन-चार सेकंद शटर उघडे ठेवले तर भिंतही येते, पाणीही येते आणि आकाशही येते. धरणापुढे छोटा फ्लॅश निरुपयोगी आहे हे मी आनंदाने मान्य करतो. मोठाही तितकाच निरुपयोगी आहे हे प्रतिपक्षाने मान्य करावे, इतकेच माझे मागणे.

याच वर्गाच्या नियमात सामर्थ्याच्या हव्यासाचे खरे मोल दडलेले आहे. आज नव्याने निघालेले जे लहान फ्लॅश आहेत, उदाहरणार्थ गोडॉक्स कंपनीचा लक्स ज्युनिअर, त्यांचा गाइड नंबर १२ च्या आसपास असतो. म्हणजे ३६ च्या फ्लॅशची पोच याच्या तिप्पट. परंतु ती तिप्पट पोच मिळवण्यासाठी ऊर्जा नऊपट ओतावी लागते, आणि ती ऊर्जा म्हणजेच ते जाडजूड कपॅसिटर, ते चार-चार पेन्सिल सेल, ते कॅमेऱ्याला एका बाजूस कलंडवणारे वजन आणि पुन्हा चार्ज होण्याची ती दीर्घ प्रतीक्षा. आता विचार असा करावयाचा की, फ्लॅशचे वास्तविक कार्यक्षेत्र कोणते? शेंडी गावातील चहाच्या टपरीत बसलेला म्हातारा, आदिवासी घराच्या पडवीत भात कांडणारी बाई, कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवणारे पोर, मुक्कामाच्या तंबूत जेवायला बसलेली मित्रमंडळी; ही सर्व माणसे दीड ते चार मीटरांच्या आत असतात. त्यापलीकडचा माणूस फ्लॅशने टिपला तर तो काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो, मग फ्लॅश कितीही सामर्थ्यवान असो. आयएसओ ४०० ची फिल्म घातली की, १२ चा गाइड नंबर आपोआप २४ होतो; तीन मीटरांवरील माणसासाठी एफ ८ मिळते. याहून अधिक छिद्र मिटवून कोणाला काय साधावयाचे आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही. विहीर किती खोल आहे हे न पाहता दोर विकत घेणाऱ्याला गावात काय म्हणतात ते सर्वांना माहीत आहे.

किंबहुना सामर्थ्य जेथे खरोखर उपद्रवी ठरते असे एक प्रसिद्ध स्थळ म्हणजे हाच परिसर. घाटघर-रतनवाडीकडील पावसाची ख्याती महाराष्ट्रभर आहे. आषाढ-श्रावणात तेथे धुके आणि पाऊस यांचे राज्य असते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवलेला फ्लॅश अशा हवेत उडवला म्हणजे काय होते? भिंगापासून एका फुटावर पडणाऱ्या थेंबाला, दहा फुटांवर उभ्या असलेल्या माणसापेक्षा शंभरपट प्रकाश मिळतो. माणूस धूसर राहतो आणि थेंब पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने चित्रभर नाचतात. फ्लॅश नऊपट बळकट केला तर थेंबही नऊपट उजळतात. प्रमाण तसूभरही बदलत नाही. यावर इलाज एकच, तो म्हणजे फ्लॅश भिंगापासून दूर नेणे, तारेने जोडून डाव्या हातात लांब धरणे. आणि पावसात एका हाताने कॅमेरा व दुसऱ्याने फ्लॅश सांभाळणाऱ्याच्या मनगटाला त्या फ्लॅशचे वजन किती असावेसे वाटते, ते त्या मनगटालाच विचारावे.

या मुलखातील फ्लॅशचे सर्वांत उत्कृष्ट काम मात्र पावसाळ्यापूर्वीचे आहे. जव्हार-मोखाड्यापासून सह्याद्रीच्या या पट्ट्यापर्यंत आदिवासी गावांत बोहाडा होतो. रात्रभर संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवादिकांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवलेली सोंगे एकामागून एक येतात व नाचत पुढे जातात. ज्याला हे फिल्मवर धरावयाचे आहे त्याने काय करावे? मोठ्या फ्लॅशचा पुरस्कर्ता पूर्ण ताकदीने, एफ १६ वर, १/६० सेकंदाने उडवील, आणि त्याला मिळेल तो रंगीत मुखवट्याचा एक कोरडा, निर्जीव, पोलिस दफ्तरात शोभणारा दाखला; मशालीचा उजेड, नाचाची लय, भोवतीची गर्दी, सर्व काळ्या शाईत बुडालेले. याउलट आयएसओ ४०० च्या फिल्मवर एफ ५.६ ठेवून १२ गाइड नंबरचा लहान फ्लॅश चार मीटरांपर्यंत सहज पुरतो, आणि शटर १/१५ किंवा १/८ सेकंद इतके संथ ठेवले म्हणजे फ्लॅशच्या त्या निमिषार्धात मुखवटा स्थिर होतो, तर उरलेल्या अवधीत मशालींच्या ज्वाळा आपापल्या रेघा ओढून जातात. येथे फ्लॅशने मशालीवर मात करावयाची नसते. तिच्याशी जमवून घ्यावयाचे असते, आणि जमवून घेण्यासाठी सौम्यता लागते. मोठा फ्लॅशही कमी ताकदीवर चालवता येतो हे खरे. परंतु जुन्या काळातील पुष्कळ मोठ्या फ्लॅशांना पूर्ण ताकद आणि स्वयंचलित यांखेरीज तिसरी पायरीच नसते, आणि ज्यांना असते त्यांचीही ताकद तेवढी कमी होते, वजन मात्र जेथल्या तेथे राहते.

आता तो उन्हाचा मुद्दा, जो मी मघाशी भक्कम म्हणालो. मे महिन्यात रतनगडाच्या वाटेवर बारा वाजता टोपी घातलेल्या माणसाचे छायाचित्र घ्यावयाचे आहे. टोपीखाली डोळ्यांच्या जागी दोन काळी भोके दिसतात. ती उजळावयाची आहेत. आयएसओ १०० च्या फिल्मला अशा उन्हात १/१२५ सेकंदाला एफ १६ लागते. परंतु पेंटॅक्स के १००० या लोकप्रिय कॅमेऱ्याची फ्लॅशशी जुळणारी कमाल गती १/६० आहे. म्हणजे एफ २२. एफ २२ ला १२ चा फ्लॅश अर्ध्या मीटरापर्यंतच पुरा पडतो, आणि ३६ चा दीड मीटरापलीकडे, म्हणजे १.६ मीटरांपर्यंत जातो. सावली पूर्ण उजळावयाची नसते, एक स्टॉप कमी चालतो, असे धरले तरी मोठ्याला सव्वादोन मीटरांपर्यंत सवलत मिळते आणि लहानाला एका मीटराचीही नाही. प्रतिपक्ष येथे जिंकला, असे वाटेल. परंतु हाच लहान फ्लॅश याशिका-मॅट किंवा रोलायफ्लेक्स यांसारख्या, भिंगातच शटर असलेल्या कॅमेऱ्याला जोडा. ते शटर १/५०० सेकंदालाही फ्लॅशशी जुळते, एफ ८ पुरते, आणि एक स्टॉपची तीच सवलत घेतली तर १२ चा फ्लॅश दोन मीटरांपेक्षा थोडे अधिक अंतर गाठतो. नऊपट ऊर्जा ओतून के १००० वर जे मिळवले, तेच येथे शटरने विनामूल्य दिले. तर मग सामर्थ्य कोठे होते, फ्लॅशमध्ये की कॅमेऱ्यात? आणि के १००० मध्ये ४०० ची फिल्म असेल तर त्याच उन्हात १/६० ला एफ ४५ च्या सुमारास जावे लागेल, जे त्याच्या नेहमीच्या भिंगावर नाहीच. तेथे व्हिविटारही हतबल. म्हणून माझा मूळ सिद्धांत हा की, जुन्या कॅमेऱ्यासाठी फ्लॅश निवडताना पहिला प्रश्न फ्लॅशला विचारावयाचाच नाही. तो शटरला विचारावा, दुसरा कॅमेऱ्यावरील संपर्काच्या जागेला, आणि सामर्थ्याची चौकशी त्यानंतर करावी.

शटरची तपासणी म्हणजे काय, याचा थोडा खुलासा आवश्यक आहे. पडद्याच्या शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक धावतात. गती वाढवली की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ इतक्या लवकर निघतो की, फिल्मसमोर पूर्ण खिडकी कधी उघडतच नाही, केवळ एक फट सरकत जाते. फ्लॅशचा लखलखाट एक सहस्रांश सेकंदाहूनही अल्पजीवी. तो त्या फटीपुरताच फिल्मवर पडतो आणि उरलेले चित्र काळे राहते. जुन्या झेनिट ई वर ही मर्यादा १/३०, लायका एम ३ वर १/५०, ऑलिंपस ओएम-१ वर १/६०, तर निकॉनने १९८० च्या दशकात एफएम २ वर ती १/२५० पर्यंत नेली. फ्लॅश लहान असो वा मोठा, ही हद्द ओलांडली की अर्धे चित्र गेले. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एम आणि एक्स. जुन्या रोलायफ्लेक्सवर या दोन अक्षरांची एक कळ असते. एम ही काचेच्या फ्लॅशबल्बसाठी. बल्ब पूर्ण पेटण्यास सुमारे २० मिलिसेकंद घेतो म्हणून ती कळ शटर उघडण्यापूर्वीच त्याला हुकूम सोडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हुकूम मिळताच उडतो, आणि शटर उघडेपर्यंत विझून गेलेला असतो. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवर अशीच एफपी आणि एक्स ही दोन छिद्रे शेजारी-शेजारी आहेत, आणि तार चुकीच्या छिद्रात घातली तर गडबड अटळ. एखाद्या सद्गृहस्थाने रोल धुऊन आल्यावर कोरी चित्रे पाहिली आणि त्यावरून आपला फ्लॅश दुबळा आहे असा निष्कर्ष काढून मोठा विकत घेतला, अशी उदाहरणे प्रत्येक जुन्या छायाचित्रकाराला ठाऊक आहेत.

आणि येथून मी त्या उपमताकडे वळतो, ज्याचा मला अधिक राग आहे, कारण त्याने कॅमेरे मरतात. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात जुने फ्लॅश ढिगाने मिळतात. त्यांच्यातील थोर पुरुष पुन्हा व्हिविटार २८३ आणि त्याचे समकालीन. या फ्लॅशांच्या आरंभीच्या प्रतींत कॅमेऱ्याच्या संपर्कावर येणारा विद्युत्‌दाब दोनशे व्होल्टच्याही पुढे असू शकतो. ज्या काळात शटरमधील संपर्क म्हणजे धातूच्या दोन पट्ट्या होत्या त्या काळात हे चालून गेले, जरी त्या पट्ट्यांवरही दर ठिणगीने थोडा थोडा चट्टा पडतच असे. परंतु पुढे १९७६ च्या कॅनन एई-१ सारख्या कॅमेऱ्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक मंडल आले, आणि ‘जुना कॅमेरा’ या एका शब्दात पन्नासच्या दशकातील यांत्रिक कॅमेरा आणि ऐंशीच्या दशकातील इलेक्ट्रॉनिक कॅमेरा या दोघांना एकत्र कोंबणे म्हणजे सरसकट सर्वांना एकच औषध देणे होय. पुढे आयएसओ १०३३० या मानकाने कॅमेऱ्यांनी २४ व्होल्टपर्यंत सोसावे असे ठरवले. त्यापूर्वीच्या मालाला हा जाबता लागू नाही, आणि त्यापूर्वीचे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे त्याहून पुष्कळ नाजूक असू शकतात. हे मोजणे अवघड नाही. फ्लॅशमध्ये ताजे सेल घालावेत, तयार झाल्याचा दिवा लागू द्यावा, आणि मल्टिमीटरची एक काडी तळाच्या मधल्या टिकलीला व दुसरी तळाच्या कडेच्या धातूला लावून आकडा वाचावा. दहा व्होल्टच्या आत असेल तर घरी न्यावा. दोनशे असेल तर विकणाऱ्याच्या हाती परत द्यावा, मग तो कितीही कमी किमतीला देत असो. आजचे लहान फ्लॅश या परीक्षेत बहुधा निर्वेध उत्तीर्ण होतात, ही त्यांच्या बाजूची मोठी साक्ष आहे. ती सामर्थ्यवाद्यांच्या हिशेबात कोठेच नोंदलेली नसते.

संपर्काच्या जागेविषयी आणखी दोन शब्द. ओएम-१ च्या माथ्यावर जन्मतः फ्लॅशची जागाच नसते. ती वेगळी स्क्रूने बसवावी लागते. निकॉन एफ ची जागा रीळ गुंडाळण्याच्या चकतीवर, आणि तिचा आकार नेहमीच्या फ्लॅशशी न जुळणारा. अशा कॅमेऱ्यांवर तारेचे छिद्र हाच राजमार्ग, आणि म्हणून ज्या फ्लॅशला तार जोडण्याची सोय नाही तो तेथे कितीही सुबक असला तरी गैरलागू. काही मंडळी याच्या उलट टोकाला जाऊन, कॅमेऱ्याच्या कंपनीचाच, अनेक टिकल्यांचा, भिंगातून प्रकाश मोजणारा फ्लॅश हवा असा आग्रह धरतात. १९७५ च्या ओएम-२ सारख्या कॅमेऱ्यासाठी हा आग्रह रास्त आहे, कारण त्याने भिंगातून आत आलेला फ्लॅशचा प्रकाश फिल्मच्या पृष्ठावरून मोजण्याची सोय प्रथम आणली. परंतु के १००० ला त्या टिकल्यांचे काय? त्याला एकच भाषा येते, मधल्या टिकलीची. आणि आजचे महागडे फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यांशी जी बोली बोलतात ती जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याला समजत नाही. त्या बोलीसाठी दिलेले पैसे पाण्यात. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याचा खरा सोबती म्हणजे एकाच टिकलीचा, दर्शनी बाजूस लहानसा डोळा असलेला फ्लॅश, जो समोरून परत येणारा प्रकाश स्वतःच मोजतो आणि पुरेसा झाला की स्वतःच विझतो. अशा फ्लॅशवर फिल्मची गती सांगावी, त्याने सुचवलेले अ‍ॅपर्चर भिंगावर लावावे, एवढेच काम उरते. सोबतीला हाताने ताकद कमी करण्याच्या चार-सहा पायऱ्या असाव्यात. यापलीकडे मला काही मागावेसे वाटत नाही.

दुबळ्या फ्लॅशचा प्रकाश वाढवता येत नाही, हे प्रतिपक्षाचे वाक्य मी मुद्दाम अद्याप बाजूला ठेवले होते, कारण त्याचे उत्तर रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात मिळते. त्या काळ्या पाषाणाच्या मंदिराचा मंडप अंधारा आहे आणि खांबांवरील नक्षी इतकी दाट आहे की, माथ्यावरच्या फ्लॅशने ती घेतली तर सारा उठाव नाहीसा होऊन दगडाला चुना लावल्यासारखे दिसते. भाविकांची वर्दळ नसलेली वेळ पाहावी, पुजाऱ्यास विचारावे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा, छिद्र एफ ११ वर मिटावे, शटर ‘बी’ वर उघडे सोडावे. आणि लहान फ्लॅश हातात घेऊन खांबाच्या कडेला, भिंगाच्या नजरेबाहेर उभे राहून तिरपा उडवावा. एकदा, पुन्हा चार्ज झाला की दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. प्रकाश फिल्मवर साठत जातो. चार उडवण्यांनी गाइड नंबर दुप्पट होतो, नऊ उडवण्यांनी तिप्पट. म्हणजे १२ चा फ्लॅश नऊ वेळा उडवला की तो व्हिविटार झाला. शिवाय व्हिविटारचा एकच फटका एकाच दिशेने येतो, आणि हे नऊ फटके मी नऊ दिशांनी देऊ शकतो, वरच्या छतासाठी दोन, तळखड्यासाठी एक, मागील खांब काळोखातून किंचित वर उचलण्यासाठी आणखी एक. स्थिर वस्तूपुढे वेळ हेच सामर्थ्य असते. ज्याला हे करण्याइतका धीर नाही त्याला खांबावरच्या नक्षीची घाई कशाला, हा वेगळा प्रश्न.

राहता राहिला चॅम्पियन. त्याच्याआधी अमेरिकेत जॉर्ज शिरास याने रात्रीच्या हरणांची फ्लॅशने घेतलेली चित्रे १९०६ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये प्रसिद्ध झाली होती. या दोघांच्या चित्रांवरून मोठ्या फ्लॅशचा धडा काढणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: वाघ स्वतः चालत येऊन चॅम्पियनने वाटेवर लावलेल्या तारेला अडखळत असे, आणि त्या क्षणी तो कॅमेऱ्यापासून काही पावलांवर असे. चॅम्पियनचे कौशल्य पाऊलखुणा ओळखून योग्य वाट निवडण्यात होते. मॅग्नेशियमचा लोळ वापरावा लागला तो त्या काळच्या फिल्मा मंद होत्या म्हणून. आज ४०० ची फिल्म हातात असताना त्या लोळाचे अनुकरण करावयाचे कारण नाही, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून अस्तित्वात असलेल्या या परिसरात तर मुळीच नाही. मेअखेर ते जूनमध्ये, पाऊस स्थिरावण्यापूर्वी, येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या झाडांवर काजवे लुकलुकतात, आणि ते पाहावयास आलेल्या गर्दीत कोणीतरी हमखास फ्लॅश उडवतो. काजव्याचा उजेड हा नर-मादींतील संकेत आहे. त्यावर फ्लॅश वा गाडीचे दिवे पडले की संकेत विस्कटतो, म्हणून तेथे उजेड बंद ठेवावा असे वनखाते आणि वाटाडे दोघेही बजावतात. चित्राच्या दृष्टीनेही तो फ्लॅश व्यर्थच, कारण काजवा उजळत नाही, झाडाची पाने तेवढी उजळतात. काजव्यांसाठी तिपाई, केबल रिलीज, उघडे भिंग आणि मिनिटांचे एक्स्पोझर, फ्लॅश पिशवीत. येथे मोठ्या फ्लॅशवाल्यांइतकाच मी लहान फ्लॅशवाल्यांनाही दोष देतो.

फ्लॅश हे मुळातच असंस्कृत साधन असून खऱ्या रसिकाने नैसर्गिक उजेडातच चित्र घ्यावे, असे म्हणणारा एक तिसरा पंथ आहे. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने एकदा अमावास्येच्या रात्री बोहाड्याला यावे.

मग व्यवहार काय? आयएसओ १०० ला १० ते २० च्या दरम्यान गाइड नंबर, कमी व्होल्टचा संपर्क, दर्शनी डोळा किंवा हाताने कमी-अधिक करण्याच्या पायऱ्या, तारेची सोय, आणि कोठेही मिळणारे सेल. राजूरच्या बाजारात मिळणार नाही असा विशिष्ट बॅटरीचा नखरा नको. जुना घेतल्यास सेलच्या खोलीत हिरवट-पांढरी बुरशी नाही ना ते पाहावे, आणि बराच काळ पडून असलेला असेल तर वापरण्यापूर्वी त्याला चार-पाच वेळा सावकाश चार्ज होऊ द्यावे, म्हणजे कपॅसिटर पुन्हा ताळ्यावर येतो. तो उघडून दुरुस्त करण्याच्या भरीस मात्र पडू नये, कारण आत सेल काढल्यावरही तीनशे व्होल्ट टिकून असू शकतात. बारीहून कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर चढताना लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात, आणि तेथे शर्टाच्या खिशातील फ्लॅश आणि छातीवर आपटणारा फ्लॅश यांतील भेद वादाविना समजतो.

प्रतिपक्षाचा एक अखेरचा आक्षेप मात्र उरतोच: कधी काळी शंभर माणसांचा समूह, रात्री, एकाच चित्रात घ्यावा लागला तर? लागेल, नाही असे नाही. शेंडीत कोणाच्या घरी लग्न निघाले तर लागेलही. त्या दिवशी तालुक्याच्या गावी ज्या छायाचित्रकाराने लग्नाची सुपारी घेतली असेल त्याच्याकडे मोठा फ्लॅश असतोच. तो त्याच्याकडून एका रात्रीपुरता भाड्याने घ्यावा, कॅमेऱ्याला लावण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजावा, आणि सकाळी परत करावा.